शून्य नोंद म्हणजे रिकामी जागा नव्हे

महोदय,
पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या (तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाखालील अवकाशाच्या) सीमेलगत आतल्या बाजूला प्लाझ्मा, म्हणजे सुट्या आयनांचा आणि इलेक्ट्रॉनांचा वायू, नगण्य असतो, असे सरसकट छापले जाते. ते खरे नाही. उन्हातले अवकाशयान इलेक्ट्रॉन गमावते आणि विरळ प्लाझ्मात काही दहा व्होल्टपर्यंत धनभारित होते. मग जेमतेम काही इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे थंड, धनभारित आयन त्याने दूर ढकलले जात असताना उपकरणापर्यंत पोहोचणार कसे? 2000 साली सोडलेल्या ‘क्लस्टर’ यानांच्या मागे आयनांची पोकळी पडत असे, तिच्यात इलेक्ट्रॉन शिरत आणि लांब तारांवरचे संवेदक त्यातून निर्माण होणारे विद्युतक्षेत्र टिपत; त्यावरून थंड आयन असल्याचे कळे. 2015च्या ‘एमएमएस’ या नासाच्या यानांवर इंडियम धातूचे आयन बाहेर सोडून यानाचे विभव (व्होल्टेज) सुमारे 4 व्होल्टखाली ठेवतात. सीमा हलली की थंड आयन वेग घेतात, एकाएकी नोंदीत उमटतात आणि नवा प्लाझ्मा आल्याचा भास होतो.

– एक वाचक, पुणे