इन्चार्ज सिस्टर, ते बटण तुम्ही डावीकडे लावलंत

इन्चार्ज सिस्टर,

बाबांना तुमच्या वॉर्डात आणलं तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी होती आणि कपाळाला टाके होते. टाके ही आधीच्या हॉस्पिटलची देणगी. तिथे बेलचं बटण उजव्या हाताशी लोंबकळत होतं आणि रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर. ती बिचारी दुसऱ्या टोकाला कुणाला तरी सलाइन लावत होती. बाबा लघवीसाठी स्वतःच उठायला गेले आणि पडले. तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो "स्टाफ नियमाप्रमाणे आहे" म्हणत पटावरची नावं दाखवणाऱ्या साहेबांवर. यातल्या किती जणी काल रात्री वॉर्डात होत्या, असं विचारल्यावर त्यांनी फाइल मिटली.

तुम्ही बाबांचे दोन्ही हात हातात घेतलेत, "दाबा बघू" म्हणालात, आणि काही न बोलता ते बटण डावीकडे, उशीला पिनेनं अडकवलंत. मिनिटभराचं काम. पण ते मिनिट तुमच्याकडे होतं!

ते कुठून येतं हे मला नंतर दिसलं. ड्युटी बदलताना तुम्ही खाटा मोजत नव्हतात. कुणाला भरवावं लागतं, कुणाची कूस बदलायची, कोण नुकतं ऑपरेशन होऊन आलंय, हे बघून सिस्टर नेमत होतात. "आणखी एक सिस्टर दिल्याशिवाय नवा पेशंट घेणार नाही," हे फोनवरचं तुमचं ठणकावणंही ऐकलंय मी. हिशेब तुम्हीच समजावलात: एक जागा चोवीस तास भरायची तर आठवड्याच्या २१ पाळ्या, एकीच्या ६. म्हणजे साडेतीन जणी, आणि रजा-आजारपण धरलं की चारही पुरत नाहीत.

घरी येऊन वाचत बसलो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांवरचा २००२चा अभ्यास सांगतो, की नर्समागे एकेक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियात २००४ पासून कायद्यानंच आकडा बांधलाय. आयसीयूत एका नर्सकडे फार तर दोन पेशंट. पेशंट जास्त गंभीर असतील तर नर्स आणखी वाढवायच्या. तुम्ही वेगळं काय करत होतात?

माणुसकी स्वभावात असते म्हणतात. असेल. आधीच्या त्या सिस्टरच्या स्वभावातही होतीच, तिला उसंत नव्हती.

पहिल्याच रात्री तीनच्या सुमाराला बाबांनी बटण दाबलं. तुमची सिस्टर लगेच आली, "काय हवंय आजोबा?" काहीच नको होतं. कुणी येतं का, ते बघत होते. ती हसली आणि पांघरूण सारखं करून गेली.