खाणीचे खांब रोवणार, पण कोणासमोर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खाणपट्ट्यांच्या, म्हणजे खोदायला सरकारने पट्ट्याने दिलेल्या जमिनींच्या, हद्दी आखून घेण्याची बातमी कालच्या अंकात वाचली. खाणपट्टाधारकांनी आपापल्या हद्दीवर खांब रोवले की सगळे सुरळीत होणार, असा तिचा एकूण सूर. बातमी बहुधा कार्यालयात बसून, चहाबरोबर लिहिली गेली असावी. वार्ताहर खाणीच्या काठावर पाच मिनिटे जरी उभे राहिले असते, तरी त्यांनी विचारले असते की हे खांब रोवणार कोण आणि रोवताना समोर असणार कोण?

आमचे शेत एका दगडखाणीला लागून आहे. मध्ये बांध, बांधावर आजोबांच्या वेळचे जांभूळ. जांभळाच्या पलीकडे खाण, अलीकडे आमचा ऊस, हे दोन्हीकडच्या गड्यांनाही पाठ होते. खाण सुरू झाली तेव्हा हद्दीच्या खुणा म्हणून तिथे मांडली गेली डांबराची रिकामी पिंपे. आत मुरूम, वर चुन्याचा पट्टा. पिंप गोल असते आणि गोल वस्तू घरंगळते, हे हद्द ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आले नसेल असे मला वाटत नाही. चांगलेच ध्यानात आले असणार!

एका पावसाळ्यानंतर जांभळाजवळचे पिंप आमच्या बाजूला आलेले दिसले. आधी जिथे होते तिथे परातीएवढा पिवळा गोल उमटला होता, बाकी गवत हिरवेगार. खाणीच्या मुकादमाला बोलावून तो गोल दाखवला. त्याने पान थुंकले आणि म्हणाला, "काका, पिंप हाय तितंच हाय. तुमचा बांधच सरकलाय बगा." बांध सरकला, जांभूळही त्याच्याबरोबर चालत गेले, पिंप मात्र जागचे हलले नाही. घ्या!

पुढे खाणवाल्यांकडून मोजणी झाली. आम्हाला नोटीस नाही. उसाच्या शेंड्यांवरून रोव्हरची, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणाऱ्या यंत्राची, काठी हलताना दिसली म्हणून जाऊन पाहिले, तर मुकादम पुढे, मोजणीवाला मागे. मुकादम बोट दाखवी आणि तिथे काठी टेकली जाई. आजकालच्या रोव्हरला सेंटिमीटरचा फरक कळतो, हे मान्य. पण काठी पिंपाशेजारी टेकवली तर तो पिंपाचीच जागा सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगणार. गटाची हद्द कुठे आहे, हे त्याला कुणी विचारलेच नव्हते. मी माझ्या स्वतःच्या चार गुंठ्यांची हद्द कायम करून घेतली, तेव्हा सगळ्या लगतदारांना, म्हणजे शेजारच्या जमीनमालकांना, नोटिसा निघाल्या होत्या, मुंबईला राहणाऱ्या एका चुलतभावालासुद्धा. आणि इथे सुरुंग लावून डोंगर फोडायचा, तर शेजाऱ्याला पत्ता नाही. अर्ज घेऊन गेलो तर एका टेबलावर सांगितले की हा मोजणीचा विषय, दुसऱ्यावर सांगितले की हा खनिजाचा विषय. दोन्ही टेबले एकाच इमारतीत आहेत, एवढे सांगून तो भाग सोडतो.

आता तुमच्या बातमीसोबतच्या फोटोबद्दल. बातमी काळ्या दगडाच्या खाणींची आणि फोटोत लालभडक माती! तो शाहूवाडी नाहीतर राधानगरीकडच्या सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या) बॉक्साइट खाणीचा दिसतो. कोल्हापूरच्या वाचकाला लाल आणि काळा यातला फरक कळतो हो. पण फोटो छापलाच आहे तर बॉक्साइटसारख्या प्रमुख खनिजांच्या खांबांचा नियम काय, तेही छापायचे होते. केंद्राच्या २०१६ च्या नियमांत सगळे लिहिलेले आहे. प्रत्येक कोपऱ्यावर खांब, दोन खांबांत पन्नास मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि एका खांबावरून पुढचा दिसला पाहिजे. खांब सिमेंट काँक्रीटचा, आत सळी. कोपऱ्यावरचा असेल तर सत्तर सेंटिमीटर वर, साठ सेंटिमीटर जमिनीत. पिवळा रंग, वरचे दहा सेंटिमीटर लाल. प्रत्येकावर क्रमांक कोरलेला, आणि कोपऱ्यावरच्या खांबांवर अक्षांश-रेखांशसुद्धा. असा खांब रात्रीत घरंगळत नाही. दगड-मुरूम गौण खनिज, त्याचे नियम राज्याचे, २०१३ चे वेगळे, हे ठाऊक आहे. पण गौण खनिजाच्या खाणीला सळईचा खांब रोवू नका असे कुठे लिहिले आहे का?

खांब सरकवण्यात एवढे काय मिळते, असे शहरातल्या वाचकांना वाटेल. म्हणून हिशेब मांडतो. समजा साठ मीटर लांबीची हद्द शेजारच्या शेतात फक्त तीन मीटर सरकली आणि खाण दहा मीटर खोल गेली. झाला अठराशे घनमीटर दगड, म्हणजे सव्वासहाशे ब्रासच्या वर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ब्रासला सहाशे रुपये स्वामित्वधन धरले तरी पावणेचार लाखांच्या पुढे जाते, आणि ते फक्त सरकारचे. खडीचा बाजारभाव वेगळा, शेतकऱ्याची गेलेली जमीन वेगळी. शिवाय खाणीच्या हद्दीपासून साडेसात मीटरच्या आत खोदायचे नाही, असा खाण सुरक्षेचा दंडक आहे. तो पट्टा मोजायचा कुठून? खांबापासूनच! खांब सरकला की पट्टाही आपसूक आमच्या उसात. आज आमच्या जांभळाची निम्मी मुळे खाणीच्या कड्यावर उघडी पडली आहेत आणि कागदोपत्री सगळे नियमात आहे.

आणि शिक्षा? १९६६ च्या जमीन महसूल संहितेत हद्दीची खूण मुद्दाम काढणाऱ्याला किंवा मोडणाऱ्याला खुणेमागे शंभर रुपयांपर्यंत दंड लिहिला आहे. शंभर रुपये! तेवढ्यात आता मिसळही धड येत नाही. बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, हे मलाही माहीत आहे. पण खांबच सरकलेला असला तर उत्खनन बेकायदा ठरवणार कशावरून?

तेव्हा खांब रोवण्याचे जे काही ठरले असेल, त्यात एवढे घाला. आधी गटाच्या नकाशावरून हद्द कायम करा. लगतदारांना नोटीस द्या, ते हजर असताना खांब उभे करा आणि त्यांच्या सह्या घ्या. कोपऱ्याच्या खांबांचे अक्षांश-रेखांश चावडीवर लावा. आमची पोरे मोबाईलवर पडताळून घेतील; मोबाईल चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, पण शंका आली तर निदान फेरमोजणी मागता येईल.

छायाचित्रकार पाठवणार असाल तर रविवारी दुपारी पाठवा. इतर दिवशी आमच्या रस्त्यावर डंपर मोटरसायकलला जागा देत नाहीत. ताडपत्री कुणी बांधत नाही. वळणावर सांडलेल्या खडीवरून गेल्या आठवड्यातच एक दूधवाला घसरला, दोन्ही कॅन आडवे. ती खडी अजून तिथेच पडलेली आहे. त्याचाही एखादा फोटो काढा, आणि तो तरी काळ्या दगडाचाच छापा.

कळावे.

एक लगतदार, कोल्हापूर
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये)