ताई, असुकाच्या त्या दोन पानांबद्दल

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

जपानमधल्या असुका गावाला निघालेल्या मराठी मंडळींसाठी तुम्ही हाताने लिहून दिलेली दोन पानं आता कितीतरी जणांच्या पिशवीत जाऊन आली आहेत. आभार फोनवरही मानता आले असते. पण त्या पानांत जे आहे ते आणखी लोकांना मिळावं, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

सर्वांत आधी आभार प्रवासाच्या चार ओळींचे. स्टेशनच्या पाटीवर ‘असुका’ एका चित्रलिपीत असतं आणि गावाच्या पाटीवर दुसऱ्याच, पण उच्चार एकच आणि त्यातला ‘उ’ जवळजवळ गिळलेला. गाडीत ‘अस्का’ ऐकू आलं की उतरायचं, हे तुम्ही लिहिलं नसतं तर निम्मी माणसं पुढच्या स्टेशनात गेली असती. ओसाकातल्या आबेनोबाशीहून थेट गाडी मिळते, साधारण पाऊण तास. क्योतोहून मात्र काशिहारा-जिंगू-माएला उतरून गाडी बदलावीच लागते, कारण तिथे रुळांची रुंदीच बदलते: क्योतोकडचा मार्ग 1435 मिलिमीटरचा, असुकाकडचा 1067 चा. कारण कळलं की माणूस थेट गाडी शोधत बसत नाही. आणि ही किंतेत्सुची खाजगी लाईन असल्याने जपान रेल्वेचा (जेआर) पास इथे चालत नाही, हेही तुम्ही अधोरेखित केलं होतं.

पण त्या पानांचं खरं मोल पुढे आहे. 592 पासून 694 पर्यंत, अधूनमधून दरबार दुसरीकडे हलला तरी, जपानची राजधानी याच खोऱ्यात होती, नारा आणि क्योतोच्याही आधी. आज तिथे भातखाचरं, कौलारू घरं आणि पर्सिमॉनची झाडं दिसतात. 1980 च्या खास कायद्याने सगळं गाव संरक्षणाखाली आलं. उत्खनन होतं, मोजमापं घेतली जातात आणि मग अवशेष पुन्हा माती-वाळूने झाकून शेत पूर्ववत केलं जातं. उघडा ठेवलेला दगड आणि लाकूड टिकत नाही म्हणून. मोठमोठे वाडे-मंदिरं मनात धरून आलेल्या माणसाला बांधावरची एक पाटी दिसते आणि तो हिरमुसून परत फिरतो. तुम्ही प्रत्येक पाटीपुढे ‘खाली काय आहे’ हा रकाना भरून दिलात, त्यामुळे बांधावर उभं राहायला कारण मिळालं.

राजवाड्याच्या जागेचंच घ्या. बरीच वर्षं ही जागा ‘इताबुकी राजवाडा’ या नावाने ओळखली जायची, आणि जुन्या नकाशांत आजही तेच नाव सापडतं. म्हणून लोक समजतात की समोरची दगडी फरसबंदी आणि विहीर त्याच वाड्याची, म्हणजे 645 मध्ये बलाढ्य दरबारी सोगा नो इरुकाचा भर दरबारात खून झाला तो वाडा. तसं नाही. एकाच जागी एकावर एक राजवाडे उभे राहिले: 630 चा ओकामोतो, 643 चा इताबुकी, 656 चा नंतरचा ओकामोतो, आणि 672 पासूनचा कियोमिहारा. दिसतो तो सर्वांत वरचा थर. इताबुकी त्याच्याही खाली आहे. तुम्ही चार आडव्या रेघा मारून हे दाखवलंत. आमच्या मते दोन पानांतली सर्वांत उपयोगी आकृती तीच.

क्रमाबद्दलही आभार. स्टेशनासमोर सायकल घ्यायची, चढ जड वाटत असेल तर बॅटरीची, आणि पाचच्या आत परत द्यायची. आधी ताकामात्सुझुका हे भित्तिचित्रांचं थडगं, मग ‘राक्षसाचा पाट’ आणि ‘राक्षसाचं शौचकूप’, मग कासवदगड, मग इशिबुताई हे प्रचंड दगडांचं थडगं. तिथून पुढचा रस्ता नदीबरोबर उतरत राजवाडा आणि असुका-देरा मंदिराकडे नेतो. उलट गेलं की चढ दमलेल्या पायांच्या वाट्याला येतो. आणि ते दोन ‘राक्षसी’ दगड वेगळे बघायचे नसतात, हे किती नेमकं सांगितलंत! वरचा सपाट दगड एका थडग्याची तळशिळा आहे, रस्त्याखाली उपडा पडलेला पोकळ दगड त्याच थडग्याचं झाकण. मातीचा ढीग गेला, झाकण उतारावरून घसरलं, आणि गावाने गोष्ट रचली. दोन्ही मनात एकमेकांवर ठेवले की थडगं पूर्ण होतं.

इशिबुताईत सगळे वर बघतात, कारण छताचा दक्षिणेकडचा एकटा दगड सुमारे 77 टनांचा आहे. एकूण तीसेक दगड, वजन अंदाजे 2300 टन. तुम्ही मात्र खाली बघायला लावलंत. दफनकक्षाच्या तळाशी पाणी काढून देण्यासाठी चर आहे. पावसाळी प्रदेशात जमिनीखाली 7.7 मीटर लांब खोली बांधणाऱ्यांना पहिली काळजी पाण्याचीच होती. हे थडगं 626 मध्ये वारलेल्या सोगा नो उमाकोचं असावं असं मानतात. नाव कोरलेलं काहीच मिळालेलं नाही, म्हणून तुम्ही ‘असावं’ लिहिलंत. हा काटेकोरपणा आम्हाला फार आवडला.

भित्तिचित्रांच्या बाबतीत तुमची पानं नसती तर बहुतेकांची निराशा ठरलेली. ताकामात्सुझुकाची चित्रं 1972 च्या मार्चमध्ये सापडली. खोली आत 2.65 मीटर लांब, 1.03 रुंद, 1.13 उंच, म्हणजे माणूस ताठ उभाही राहू शकत नाही. भिंतींवर सोळा स्त्री-पुरुष. पुढे बुरशी वाढली. भूकंपांनी टेकाडाच्या ठोकून बसवलेल्या मातीत भेगा पडल्या होत्या, त्यांतून ओल, मुळं आणि किडे आत येत राहिले. शेवटी 2007 मध्ये दगडी खोलीच सुटी करून बाहेर काढली, आणि दुरुस्ती 2020 पर्यंत चालली. अजिंठ्यात श्वासाची वाफ आणि गर्दी यांवर चाललेली चर्चा ज्याने ऐकली आहे त्याला ही धास्ती समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा टेकाडाजवळच्या दालनात दिसतात त्या प्रतिकृती. मूळ चित्रं बघायची तर ठरावीक दिवसांसाठी आधी अर्ज करावा लागतो. कितोरा या दुसऱ्या चित्रांच्या थडग्याचंही तसंच: दालन विनामूल्य, पण खरी चित्रं वर्षातल्या मोजक्या दिवसांतच आणि आधी नोंदणी करून. आधी तारखा बघा, मग विमानाचं तिकीट काढा, ही तुमची सूचना सोन्यासारखी. कितोरासाठी असुकाच्या पुढचं त्सुबोसाकायामा स्टेशन जवळ पडतं.

असुका-देरात मात्र प्रतिकृती नाही. 588 मध्ये बांधायला घेतलेलं हे मंदिर. कोरियातल्या बेकजे राज्यातून कारागीर आले होते. 1956-57 च्या उत्खननात कळलं की मधोमध एक स्तूपमनोरा आणि त्याच्या तीन बाजूंना तीन मुख्य मंदिरं होती. आजचं मंदिर लहान आहे. काशाचा बुद्ध 1196 च्या आगीत होरपळला, पुन्हा पुन्हा डागडुजी झाली, पण बैठकीची जागा तीच राहिली. फोटो काढू देतात.

आणि साकाफुने-इशी. बांबूच्या बनातला साडेपाच मीटर लांबीचा सपाट दगड, वर गोल खळगे आणि त्यांना जोडणारे चर. सगळे चरांचे फोटो काढतात. तुम्ही कडेला हात लावायला सांगितलंत: तिथे पाचरीच्या खुणांची रांग आहे. पुढच्या काळात कोणीतरी दगडाच्या बाजू फोडून नेल्या. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर पाथरवटांनी पाचरी ठोकलेले खडक पाहिलेल्याला ही रांग लगेच ओळखू येते. त्याच टेकडीच्या पायथ्याशी 2000 मध्ये कासवाच्या आकाराचं दगडी कुंड सापडलं. झऱ्याचं पाणी आधी होडीसारख्या कुंडात, तिथून कासवाच्या नाकात, पाठीच्या खळग्यात साठून शेपटीवाटे बाहेर. नाकाशी वाकून बघितलं की पाण्याची दिशा आपोआप उलगडते. ‘निहोन शोकी’ ही जपानची जुनी बखर सांगते की सम्राज्ञी साइमेईने दगड वाहायला कालवा खणवला, दोनशे होड्या लावल्या, आणि लोकांनी त्याला वेडा कालवा म्हटलं.

तिच्याचमुळे एक विनंती. वेळ मिळाला की तिसरं पान लिहा. तिचं मानलं जाणारं केंगोशिझुका हे अष्टकोनी थडगं 2022 मध्ये पूर्ववत करून खुलं झालं आहे. स्टेशनाच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे सायकलची फेरी सुरू करण्याआधीच पायी बघून होतं. आत एकाच दगडात कोरलेल्या दोन खोल्या आहेत, तिच्या आणि लेकीच्या. शेजारीच नातीचं मानलं जाणारं थडगं 2010 मध्ये मिळालं, आणि या तिघींच्या दफनाची नोंद ‘निहोन शोकी’त 667 सालाखाली आहे. ग्रंथ आणि जमीन इतकी जुळलेली जागा खोऱ्यात दुसरी क्वचितच असेल, आणि ती तुमच्या अक्षरात हवी.

तुमची,
त्या दोन पानांवर असुका पाहिलेली मंडळी