आमचाही घाट बंद झाला

पीटरबरो, इंग्लंड,
ऑक्टोबर 2023

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, तुझा गुडघा कसा आहे? गोळी उपाशीपोटी घेऊ नकोस, एवढंच सांगते. बाकीचं फोनवर बोलूच. हे पत्र खरं तर बाबांसाठी आहे, तू त्यांना वाचून दाखव. चष्मा सापडत नाही म्हणून ते पत्र तसंच ठेवून देतील.

बाबा, मी सोमवारी संध्याकाळी कुठे जाते असं तुम्ही दोन-तीनदा विचारलंत आणि मी "मोटरसायकलच्या शर्यती बघायला" म्हणून विषय संपवला. आज नीट सांगते, कारण त्या शर्यती आता संपल्या.

या खेळाला स्पीडवे म्हणतात. मुरमासारख्या तांबूस मातीची लांबट गोल धाव, म्हणजे पळायची वाट, असते. चौघे जण सुटतात, दोन आपले, दोन पाहुण्यांचे. चार फेऱ्या, एक मिनिटभराचं काम. गाडीला गिअर एकच आणि ब्रेक नाहीच! वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, डावा पाय जमिनीला लावायचा आणि तिरक्या गाडीवरच वेग सांभाळायचा. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. अशा पंधरा शर्यती झाल्या की सामना संपतो. सुटायच्या रेषेवर आडवा दोर असतो, तो वर गेल्यापासून पहिल्या वळणापर्यंत जो पुढे निघाला त्याला गाठणं फार अवघड. तुम्ही म्हणता ना, बैलगाडा शर्यतीत गाडा सुटतानाच बारी, म्हणजे ती फेरी कशी होणार, ते कळतं, तसंच.

मला पहिल्यांदा तिथे नेलं शेजारच्या आजोबांनी. 2021 च्या उन्हाळ्यात मी इथे नवीन होते. रात्रपाळी आणि खोली, एवढंच आयुष्य होतं. आजोबा 1970 पासून, म्हणजे इथला संघ पँथर्स सुरू झाला तेव्हापासून, पहिल्या वळणाशी उभे राहतात. हातात कार्यक्रमपत्रिका आणि पेन्सिल. प्रत्येक शर्यतीचे गुण चौकटीत लिहायचे, मधे कुणी बोललं तरी मान वर करायची नाही. मलाही एक पेन्सिल दिली. त्या वर्षी आमचा संघ चाळिशीच्या आसपासच्या गड्यांचा होता. स्कॉट निकोल्स, ब्यार्न पेडरसन, हान्स अँडरसन, ख्रिस हॅरिस. हे आता काय पळणार, असं लोक म्हणत होते. त्याच गड्यांनी ऑक्टोबरात मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला हरवून अजिंक्यपद आणलं. 1999 आणि 2006 नंतरचं हे तिसरं. आजोबा रडले, बाबा. मीही.

आणि दोनच महिन्यांनी, डिसेंबरात, सुप्रीम कोर्टाने आपल्या बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली. तुमचा फोन आला तेव्हा मागे फटाके वाजत होते आणि तुम्हाला धड बोलताही येत नव्हतं.

त्यानंतर आमची घसरणच झाली. यंदाचा हंगाम तर बघवत नव्हता. पाहुणे येऊन आमच्याच धावेवर पाच-एक करून जायचे, म्हणजे पहिले दोन्ही नंबर त्यांचे. आपला गडी दोर वर जाताना अर्धा क्षण मागे राहायचा आणि मग चारही फेऱ्या दुसऱ्याच्या चाकाची माती खायचा. इथे संघ बांधताना प्रत्येकाच्या गुणांच्या सरासरीची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागते. जिंकलात की सरासरी वाढते, सरासरी वाढली की संघ मोडावा लागतो. सगळ्यांना संधी मिळावी म्हणून हा नियम आहे हे मला कळतं, तरी मला तो आवडत नाही. एकत्र घाम गाळून जिंकलेल्यांना वेगळं का करायचं? प्ले-ऑफच्या, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांच्या वेळी चार संघ पुढे गेले, शेफिल्ड जिंकलं, आणि आमच्या पत्रिकेतल्या चौकटींत नुसती शून्यं आणि एक.

पण हरण्याचं दुःख मी पचवलं असतं. धावच जाणार आहे, ते पचत नाही. मैदान शेतकी प्रदर्शनाचं. एके काळी इथे जनावरं, अवजारं यांचा मोठा मेळा भरायचा. आता तिथे घरं बांधायचा बेत आहे आणि स्पीडवेला पुढच्या वर्षीचा करार नाही. आम्ही हरकतीची पत्रं लिहिली, मीही माझ्या मोडक्या इंग्रजीत दोन पानं लिहिली. कॉव्हेंट्रीच्या लोकांचं मैदान 2016 पासून असंच बंद पडलंय. वुल्व्हरहॅम्प्टनचंही यंदाच संपलं. शेवटच्या रात्री शर्यती आटोपल्यावर कुणी घरी जाईना. आजोबांनी धावेवरची चिमूटभर माती रुमालात बांधून घेतली. आपल्याकडे गाडा पहिला आला की कपाळाला भंडारा लावतात, तो रुमाल बघून मला तेच आठवलं.

परवा कामावर एक जण म्हणाली, "एवढं काय, दुसऱ्या शहराचा संघ धर, नाहीतर टीव्हीवर बघ." तिचा हेतू चांगला होता. पण मला तुमचा चेहरा दिसला, बाबा.

2014 ला बंदी आल्यावर तुम्ही सात वर्षं सर्जाला दावणीला सांभाळलंत. पेंड, कडबा, रोज सकाळी खरारा, आणि सुट्टीच्या दिवशी रानातून फेरफटका, अंगातलं पळणं विसरू नये म्हणून. तेव्हा मी पुण्यात नर्सिंग शिकत होते. फीची तारीख जवळ आली होती आणि मी फोनवर म्हणाले होते, "विकून टाका आता, शर्यती काही सुरू होत नाहीत." तुम्ही "हं" म्हणालात आणि आईकडे फोन दिलात. फी तुम्ही भरलीत, सर्जालाही विकलं नाहीत. परवानगी आली तेव्हा तो म्हातारा झाला होता. मी तेव्हा जे बोलले ते चुकीचं होतं. मला माफ करा.

मला तुम्ही घाटात, गाडे पळतात त्या चढावर, कधी नेलं नाहीत. बायकामुली जात नव्हत्या, मीही हट्ट धरला नाही. घरी ओसरीवर बसून लांबून भोंग्यावरचा "झाली की बारी" ऐकायचे, आणि संध्याकाळी तुम्ही भंडाऱ्याने पिवळे होऊन यायचात. आता मला यायचं आहे. घोडी पुढे आणि गाडा मागे, किती सेकंदांत चढतो ते तुमच्या शेजारी उभं राहून बघायचं आहे. वहीपेन्सिल मी आणेन.

चैत्रातल्या यात्रेची तारीख गावात ठरली की लगेच कळवा. इथे रजेचा अर्ज तीन महिने आधी द्यावा लागतो. आई, तूही चल, गुडघ्यासाठी घडीची खुर्ची मी इथून घेऊन येते.

तुमची,
माई