आमच्या टाटामोबाइलला आतून सावरणाऱ्यांचे आभार

टेल्कोने (म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सने) १९८८ साली आणलेल्या टाटामोबाइल या पिकअप गाडीचे आतले सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत. म्हणून पहिले आभार पुण्याच्या जुन्या बाजारातल्या काकांचे, ज्यांनी ढिगातून खिडकीची काच वर-खाली करायची हँडलं शोधून दिली. कुशनवाल्या दादांनी सीटला हात लावण्याआधी मॅटिंग उचलायला लावलं. खाली पत्रा गंजलेला! वेल्डिंगवाल्या मामांनी तेवढाच भाग कापून नवा पत्रा जोडला, गंज रोखणारा रेड ऑक्साइड मारला, मगच मॅटिंग अंथरू दिलं. सीटचा सांगाडा मूळचाच. फोम नवा, वर तपकिरी रेक्झिन. शिलाई काय सुरेख! आणि मोबाइल चार्जरसाठी वेगळा फ्यूज टाकून मजुरी न घेणारे वायरिंगवाले भाऊ, तुमचे उपकार मोठे. वडील पुन्हा हौसेने गाडी चालवतात, ते तुम्हा सगळ्यांमुळे.