डिस्चार्जनंतर बाबांना कोण पाहणार? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकाराची मुलगी. नोकरी पुण्यात, धाकटी बहीण हैदराबादला, आई-बाबा गावी. आम्हाला शिकवून बाहेर पाठवायचं हा त्या दोघांचा हट्ट होता. घर-वावर सोडून फ्लॅटमध्ये राहायला यायचं नाही, हाही त्यांचाच. मला दोन्ही हट्ट पटतात. म्हणून आई-बाबांना शहरात कसं न्यावं, हे मी विचारत नाही. ते गावातच नीट कसे राहतील, एवढंच विचारते आहे.

बाबांना लकवा झाला. जीव वाचला, उपचार चांगले झाले. घरी सोडताना हातात कागद आला: दर दोन तासांनी कूस बदला, जेवण बसवूनच भरवा, डाव्या हातापायाचा व्यायाम रोज घ्या, बीपी लिहून ठेवा. हे सगळं करायचं कुणी? गुडघ्यांनी स्वतःच बेजार असलेल्या आईनं? बाबांना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवणं तिच्या एकटीच्या ताकदीचं काम नाही. कूस बदलली नाही तर काही दिवसांतच पाठीला जखमा होतात, आणि त्या जखमा माणसाला परत दवाखान्यात नेतात.

70 आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेत, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण हे संरक्षण दाखल झालेल्या रुग्णाला आहे. घरी आल्यावर 15 दिवसांची औषधं त्यात बसतात, उठवून बसवणारं माणूस बसत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून काठी, कमोडची खुर्ची घ्यायला एकदा 3,000 रुपये मिळतात. त्या खुर्चीपर्यंत बाबांना नेणार कोण?

आम्ही पैसे मोजायला तयार होतो. नागपुरातल्या एका संस्थेनं शहराबाहेर माणूस पाठवत नाही म्हणून सांगितलं. दुसरीनं रात्री मुक्कामी राहणाऱ्या बाईचा जो दर सांगितला, तो आम्हा दोघी बहिणींच्या पगारातूनही निघाला नसता. शेवटी शेजारच्या गावातली एक ताई मिळाली. तिनं काही वर्षं एका खासगी दवाखान्यात काम केलं होतं, तिथंच बघून-बघून शिकली. सकाळी ऑटोनं येते. बाबांचं अंग पुसते, इन्सुलिन देते, हाताचे व्यायाम घेते, मग मला व्हिडिओ कॉल लावून बीपीचा आकडा वाचून दाखवते. बाबा आता धरून चार पावलं चालतात, ते तिच्यामुळे.

पण या ताईच्या पाठीशी कुणीच नाही. तिच्याकडे प्रमाणपत्र नाही, विमा नाही, अडलं तर विचारायला कुणी नाही. बाबांना काही झालं तर लोक तिलाच बोल लावतील, ही धास्ती तिच्या मनात कायम असते. एकदा तिनं मला विचारलं, “ताई, मी बिमार पडली तं बाबाले कोण पायीन?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की अख्खं गाव वावरात असतं. शेजारीपाजारी, भाऊबंद, कुणी घरी नाही. सकाळी गेलेली माणसं अंधार पडता परततात, आणि दिवसभर गावात उरतात ती म्हातारी माणसं. त्या वेळी कुणी पडलं, कुणाची शुगर उतरली, तर कळायलाच संध्याकाळ होते. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, दुपारची वीजही जाते. ज्यांनी लघवी जास्त होते अशा बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगातलं पाणी कमी होतंय, हे मला फोनवर कसं कळावं? बाबा तर दरवेळी एकच सांगतात, “मले काई नाई झालं, तू काऊन फिकर करतं?”

2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांसाठी आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज केला की महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. असा कायदा हवाच. पण ज्यांना सांभाळायचं आहे, पैसेही पाठवायचे आहेत आणि जे दूर आहेत, त्यांच्या हाताशी व्यवस्था कोणती? विदर्भातल्या कितीतरी घरांची आज हीच अडचण आहे.

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. 1990 च्या दशकात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं 39 गावांमध्ये गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचा न्यूमोनिया ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं, हे त्या करू लागल्या आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 साली ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2011 मध्ये केंद्र सरकारनं ती पद्धत देशासाठी घेतली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बघायला आशाताई 42 दिवसांत 6 वेळा घरी येते, ती त्यातूनच. जन्मलेल्या बाळासाठी विदर्भानं हे करून दाखवलं, मग अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यासाठी का होऊ नये?

हे काम आशाताईंवर टाकू नका, अशी कळकळीची विनंती आहे. त्यांच्या डोक्यावर आधीच फार आहे. वेगळ्या बाया घ्या, त्यांना रीतसर शिकवा आणि रीतसर दाम द्या. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यात 511 प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली. कौशल्य विकास विभागाशी बोलून तिथं वृद्धसेवेचा अभ्यासक्रम घ्या, प्रात्यक्षिक ग्रामीण रुग्णालयात ठेवा. शिकलेल्यांची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात असू द्या, म्हणजे माझ्यासारखीला फोन करून विचारता येईल. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा त्यांचं काम पाहावं. एक आजारी पडली तर दुसरी जाईल, अशी जोडी बांधून द्या. आम्ही दर महिन्याला पैसे देऊ. श्रावणबाळ योजनेच्या 1,500 रुपयांवर जगणाऱ्यांसाठी मात्र तो भार सरकारनं उचलावा. त्यांची मुलं बहुतेक स्वतःच कुठंतरी मजुरी करत असतात.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल. त्याआधी एका तालुक्यात हे सुरू करण्याचा आदेश निघावा. आमच्या तालुक्यात पहिली तुकडी घ्यायची ठरली, तर गावागावात फिरून बायांची नावं गोळा करायला मी रजा टाकून येईन. आमच्या ताईनं तिचं नाव आत्ताच दिलं आहे.

आपली,
दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकाराची मुलगी
(सध्या मुक्काम पुणे)