नानांस पत्र: त्या पंधरा मिनिटांसाठी

तीर्थस्वरूप नाना यांस,
सूनबाईचा साष्टांग नमस्कार.

तुमचं घर आमच्या शेतापासून चालत दहा मिनिटांवर. पत्र लिहावं एवढं काही अंतर नाही. पण समोर बसून आभाराचं काही बोलायला लागलं की तुम्ही "गाय किती देती आता?" असं विचारता आणि बोलणं गोठ्याकडे वळतं. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आमच्या अंगणातून ज्यांनी ज्यांनी कुत्रं घरी नेलं त्यांना वाटतं, ते आम्ही जगवलं. त्यांना खरं कळायला हवं. तुमचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. जुन्नर तालुका, एवढं पुरे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. २०२० साली भोसरीची खोली सोडून आम्ही सासऱ्यांच्या दोन एकरांवर आलो. बाजरी, भुईमूग, थोडा कांदा, एक गाय, दोन शेळ्या, कोंबड्या. पुण्यातली रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी धडपडणारी मुलं-मुली आहेत. एखाद्याचं ऑपरेशन झालं, पाय मोडला, पिल्लांची आई गाडीखाली गेली, की त्यांना ठेवायला त्यांच्याकडे जागा नसते. ती आमच्याकडे येतात. काही तीन आठवडे राहतात, काही सहा महिने, मग त्यांना कायमचं घर मिळतं. पुण्याची मुलं याला फॉस्टरिंग म्हणतात. सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात त्याला माहेरपण म्हणायला सुरुवात केली, आणि आमच्या घरात तोच शब्द राहिला. आजवर ४१ जणांचं माहेरपण झालं. पाठवणीच्या दिवशी सासूबाई प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवतात आणि मग बराच वेळ कोणाशी बोलत नाहीत.

राहणी साधी आहे. जे पिकतं ते आम्ही खातो आणि त्यातलंच कुत्र्यांना जातं: बाजरीची भाकरी, ताक, अंडी, बाजाराच्या दिवशी कोंबडीचे पाय. पहिल्या हिवाळ्यात मी कालवणात बुडवलेल्या भाकरीचं ताट त्यांच्यापुढे ठेवत होते, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि द्राक्षानं मूत्रपिंडं जातात, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या तालुक्यात बांधाच्या अलीकडे कांद्याची वखार आणि पलीकडे काळ्या जम्बो द्राक्षांचा बाग. तोडणीच्या दिवसांत खाली पडलेले मणी गोळा करायला तेव्हापासून मी स्वतः जाते.

बिबट्याचंही तसंच. आम्ही शहरातून आलेली माणसं. कुत्रं म्हणजे राखण, रात्री अंगणात साखळीला बांधलं की झालं, अशी आमची समजूत. तुम्ही म्हणालात, "बांधलेलं कुत्रं म्हंजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट." पुढे माझ्या वाचनात आलं की शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता आणि त्यांच्या खाण्यात, वजनाच्या हिशेबाने, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तुम्हाला ते उसाच्या कडेला आयुष्य काढून ठाऊक होतं. तुम्ही आणि ह्यांनी मिळून दोन रविवारांत गोठ्याला लागून खोली उभी केलीत. वरूनही जाळी, कारण तो वरून येतो. आमच्या कायमच्या वाघ्यासाठी लोहाराकडून खिळ्यांचा पट्टा करून आणलात, धनगरांच्या कुत्र्यांना असतो तसा. दिवस मावळायच्या आत सगळी आत. आमची जेवणंही तेव्हापासून साडेसातला उरकतात, आणि खरं सांगू, घराला त्यामुळे एक वळण लागलं.

तुम्ही चाकरीत असताना गाई-म्हशींचे पशुधन पर्यवेक्षक होतात. कुत्री कधी तुमच्या रजिस्टरला नव्हती. औषध तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टरच ठरवतील, आपण नाही, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी बजावलंत आणि स्वतःही कधी मोडलं नाहीत. पण बघायचं कसं, ते तुम्ही शिकवलंत. जनावराला हात लावायच्या आधी तुम्ही अर्धा तास नुसते बसून राहता. ते कसं उठतं, पाणी कसं पितं, कुठली कूस वर ठेवून झोपतं. मला सुरुवातीला वाटायचं, वेळ चाललाय.

मग ती तांबूस कुत्री आली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, माजावर आहे, वेगळी ठेवा. तुम्ही बसलात, बघितलंत आणि विचारलंत, रक्त किती दिवसांपासून जातंय? मी फोन करून विचारलं. दीड महिना. माज एवढा चालत नाही, म्हणालात, हिला गाठ असणार. तशीच निघाली. संगातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारी ती गाठ रस्त्यावरच्या कुत्र्यांत पुष्कळ दिसते, हे मला तेव्हा कळलं. पुण्यात एका ठिकाणी तिला दाखवलं होतं म्हणे, आणि "उपयोग नाही" असं सांगून परत पाठवलं होतं. आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांनी विनक्रिस्टिन सुरू केलं, आठवड्याला एक इंजेक्शन. ते शिरेबाहेर गेलं तर मांस सडतं, म्हणून तिचा पाय जराही हलता कामा नये. पाचही वेळा तो पाय तुमच्या हातात होता. तिसऱ्यानंतर गाठ निम्मी झाली, पाचव्यानंतर दिसेना.

दुसऱ्या इंजेक्शनानंतर घरी आलो तेव्हा तुळशीजवळच्या सदाफुलीकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "हे औषध हिच्यातूनच काढत्यात. माणसाच्या कॅन्सरला पण हेच." सासूबाई रोज त्या झाडाला पाणी घालतात, पण हे ऐकून त्या जागच्या जागी थांबल्या. लगेच तुम्ही हेही सांगितलंत की पाला कोणाला खाऊ घालायचा नाही, तो विषारी आहे. कुत्रीचं नाव त्या दिवसापासून सदाफुली पडलं. आता ती ठाण्याकडे एका घरात असते आणि तिथल्या आजींच्या पायाशी झोपते.

पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. त्या आठवड्याबद्दल मला फार लिहिवत नाही. पाच पिल्लं होती, तीन वाचली. रात्रभर सलाईनची बाटली कोमट पाण्यात धरून तुम्ही बसला होतात. गार सलाईन त्या एवढ्याशा जिवात गेली तर अंग आणखी गार पडतं म्हणून. दुसरं पहाटे गेलं तेव्हा तुम्ही उठून त्याला फडक्यात गुंडाळलंत, आणि मग ब्लीचिंगचं पाणी करून माझ्या हातात खराटा दिलात. तो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, वर्षभर या कोपऱ्यात पिल्लू ठेवायचं नाही, हे तेव्हाच सांगितलंत. रडायला नंतर वेळ होता. उरलेल्या तिघांसाठी तेव्हा खराटाच लागत होता.

पण मी पत्र लिहायला बसले ती काळ्याच्या संध्याकाळसाठी.

चूक माझी होती. फाटकाची कडी मी लावली नव्हती. काळ्याला येऊन पाच दिवस झाले होते, मागचा पाय प्लास्टरमध्ये, माणूस जवळ आला की अंग चोरायचा. वरच्या वस्तीवरचं नऊ वर्षांचं पोर चेंडू शोधत आत आलं. काळ्या खात होता. पोरानं मायेनंच त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो मनगटाच्या वर चावला. रक्त आलं. त्याची आजी धावत आली, मुठीत हळद आणि तिखट. मागून चार-पाच माणसं, एकाच्या हातात दांडकं. माझे हातपाय गार पडले होते. मी पोराकडे जावं की कुत्र्याकडे, मला कळत नव्हतं.

तुम्ही डेअरीवर दूध घालून चालला होतात. एम-८० गाडी रस्त्यावर तशीच टाकलीत, आत आलात, आजीची मूठ हळूच बाजूला केलीत, पोराला टाकीच्या नळाखालच्या दगडावर बसवलंत आणि माझ्याकडून कपड्याचा साबण मागितलात. "पंधरा मिनिटं. घड्याळ बघ तू." वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, परत लावून, पोराला त्याच्या चेंडूबद्दल विचारत विचारत तुम्ही जखम धूत राहिलात. दांडकं घेतलेला माणूस खोलीकडे निघाला तेव्हा तुम्ही मान वरही केली नाहीत. नुसतं म्हणालात, "त्याला हात लावायचा न्हाई. धा दिवस ते जगतंय का मरतंय, त्यावर पोराचं कळणार हाय." तो थांबला. रेबीज झालेलं कुत्रं चावल्यापासून दहा दिवसांत मरतं; जगलं तर पोराला धोका नाही. नाना, त्या एका वाक्यानं कुत्रं वाचलं आणि पोराच्या उपचाराचं भानही राहिलं. त्या वेळी मला दहा दिवस हा शब्दसुद्धा सुचला नसता.

दहा दिवसांची वाट बघत बसायचं नसतं, रेबीजची लस त्याच संध्याकाळी सुरू करायची असते, हेही तुम्हीच आजीला समजावलंत. ग्रामीण रुग्णालयात तुम्ही पोराला पुढ्यात घेऊन गेलात, मी आणि आजी मागून जीपने. रक्त आलेलं असल्यामुळे आधी जखमेतच रेबीजविरोधी सिरम टोचलं. पोर किंचाळलं आणि आजीनं माझ्याकडे बघितलं. तिची ती नजर मी विसरणार नाही, आणि विसरूही नये. पुढच्या तिन्ही फेऱ्यांना, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, तुम्हीच त्याला नेलंत.

आणि ते दहा दिवस. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा तुम्ही यायचात. काळ्या पाणी पितो का, घास गिळतो का, आवाज बदललाय का, तोंडातून लाळ. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तुमच्या हातची वीस टिकमार्कं अजून आहेत. ते पान मी फाडलेलं नाही.

अकराव्या दिवशी तुम्ही म्हणालात, चल आता वस्तीवर. मला वाटलं, तुम्ही बोलाल, मी मागे उभी राहीन. वाटेत तुम्ही सांगितलंत, "माफी तू माग. मी नुसता बसतो." आजी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी सांगितलं, कडी माझ्याकडून राहिली. आजीनं बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाली, "आळ्याला माउलींच्या रेड्याची समाधी हाय. मी दर साली जाते. मुक्या जिवाचं मला सांगू नको. पर पोर माझं हाय." तिच्या या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तोवर मी कुत्र्यांचाच विचार करत आले होते. फाटकाच्या बाहेर राहणारी माणसंही माझ्या जबाबदारीत येतात, हे त्या ओट्यावर मला कळलं. तुम्ही ते मला कधी शब्दांत सांगितलं नाहीत, तिथे नेऊन बसवलंत.

त्यानंतरचं सगळं तिथूनच सुरू झालं. फाटकाला आपोआप बसणारी कडी आली. नवीन आलेलं कुत्रं पहिले पंधरा दिवस आतल्या जाळीत. आमच्या घरातल्या सगळ्यांनी आधीच घेऊन ठेवायची रेबीजची लस घेतली. आणि २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाला, रेबीजची लस शोधणारे पाश्चर गेले ती तारीख, आपल्या अंगणात तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावून वस्ती-वाड्यावरच्या कुत्र्यांना लस टोचायचं तुम्ही काढलंत. पहिल्या वर्षी माणसं दोरीला धरून कुत्री आणतील की नाही याची मला धास्ती होती. दुपारपर्यंत ६३ झाली. रजिस्टर कोणी लिहिलं ते तुम्हाला माहीत आहेच. कुत्र्याचं नाव, रंग, मालकाचं नाव, सुवाच्य अक्षरात. "नाव नाही" असं कोणी सांगितलं की तो स्वतःच ठेवायचा. मनगटाच्या वरचा वण त्यानं बाही दुमडून सगळ्यांना दाखवला. दांडकं घेऊन आलेला माणूस त्याची दोन कुत्री घेऊन आला होता.

काळ्या डिसेंबरात पुण्याला गेला, एका रिटायर्ड जोडप्याकडे. कसा चावला, का चावला, सगळं मी त्यांना आधी सांगितलं. लपवलं असतं तर लवकर घर मिळालं असतं, पण तुमच्यासमोर परत बसता आलं नसतं.

नाना, आता तुमचे गुडघे दुखतात, गाडी चालवायची नाही असं मुलानं सांगितलंय, हे मला ठाऊक आहे. रविवारी दोन पिल्लं येणार आहेत, पाबळकडून, एकाचा डोळा खराब आहे. ह्यांना गाडी घेऊन पाठवते. तुम्ही फक्त खुर्चीत बसून बघा. दुपारी हुलग्याचं माडगं करते, तुम्हाला आवडतं तसं लसूण जास्त घालून.

नळाखालचा तो दगड आम्ही हलवलेला नाही. त्याच्या शेजारी खोबणीत साबणाची वडी कायम असते. संपत आली की वरच्या वस्तीवरचं पोर न सांगता नवीन आणून ठेवतं.

तुमची,
सूनबाई